पॉइंट नंतर बघू, आधी मॅटवर गडी किती ते मोजा

मागच्या वर्षी आमच्या कंपनीने टीम लीडर लोकांसाठी दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग ठेवलं होतं, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर, आणि जे सर आले होते त्यांनी अख्खा पहिला दिवस क्रिकेटवर काढला. २०११ ची फायनल, धोनी युवराजच्या आधी उतरला, तो शेवटचा सिक्सर, मग टाळ्या, मग चहा. वाईट काही नव्हतं. पण मला बसल्या बसल्या वाटत होतं की क्रिकेटमध्ये बॅट्समन आउट झाला की त्या डावापुरता विषय संपला, तो डोक्यावर टॉवेल टाकून आत बसतो आणि कॅप्टनला त्याचं काही करायचं नसतं. आपल्या ऑफिसात असं होतं का? आपल्याकडे ज्याचा कालच मोठा पचका झालाय तो सोमवारी सकाळी साडेनऊला परत त्याच खुर्चीवर येऊन बसतो, आणि आता ह्याचं करायचं काय, हा टीम लीडरच्या डोक्याला खरा ताप असतो.

हा ताप ज्या खेळाने थेट नियमातच धरलाय तो खेळ आपल्या मातीतला आहे, कबड्डी, आणि दोन दिवसांत त्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू. मी शाळा-कॉलेजच्या वयात सातारा साइडला मातीवर कबड्डी खेळलोय, फार मोठ्या लेव्हलला नाही, तालुका आणि एकदा जिल्हा एवढंच, आणि आता पुण्यात कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसची टीम बघतो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं असं धरून चला.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर येता जाता बघितलीय त्यांच्यासाठी आधी गणित सांगतो, कारण सगळी गंमत गणितात आहे. एका बाजूला सात जण. चढाई करणारा तीस सेकंदांसाठी समोरच्यांच्या अर्ध्यात जातो, कोणाला हात किंवा पाय लावून परत आला तर जितके शिवले तितके पॉइंट आणि तितके समोरचे गडी बाहेर. तो पकडला गेला तर एक पॉइंट त्यांना आणि हा बाहेर. इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. आता महत्त्वाचं, बाहेर गेलेला बाहेरच राहत नाही. आपल्या टीमने समोरचा एक गडी मारला की आपला एक बाहेरचा परत आत येतो. दोन मारले तर दोन. आणि कोण आत येणार हे कॅप्टन ठरवत नाही, जो आधी बाद झाला तो आधी येतो. लाडका रेडर, म्हणजे चढाई करणारा, तिसऱ्या नंबरवर बाहेर बसला असेल तर पुढचे दोघे आत आल्याशिवाय त्याचा नंबर नाही. आणि सगळे सात बाहेर गेले की लोण, म्हणजे समोरच्यांना वर दोन पॉइंट फुकट आणि आपले सातही परत आत, नव्याने सुरुवात.

आता ह्यातली खोच बघा. बोनस नावाचा एक पॉइंट असतो, समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच मिळतो, चढाईवाल्याने एक पाय बोनसरेषेच्या पलीकडे टाकायचा आणि मागचा पाय तेव्हा हवेत पाहिजे. दिसायला झकास. पण बोनसने पॉइंट मिळतो, गडी आत येत नाही. तसंच आपण तीन किंवा तीनपेक्षा कमी उरलो असताना पकड केली तर दोन पॉइंट मिळतात, सुपर टॅकल, मराठीत अव्वल पकड म्हणतात, पण गडी एकच परत येतो. म्हणजे ह्या खेळात दोन हिशोब एकाच वेळी चालू असतात. एक बोर्डावर दिसतो, तो पॉइंटचा. दुसरा बोर्डावर नसतो, कॅप्टनच्या डोक्यात असतो, की आत्ता आपले आत किती, बाहेर किती, आणि पुढे कोणाचा नंबर आहे. मला ह्या लेखात एवढंच सांगायचंय की आपण बहुतेक टीम लीडर लोक पहिला हिशोब बघून मॅच चालवतो.

आमच्या गावातला एक किस्सा. रात्रीची मॅच, हॅलोजन लावलेले, समोर शेजारच्या गावची टीम पूर्ण सात जण आत. आम्ही सहा पॉइंटने पुढे पण आत फक्त तिघं, त्यात मी. माझी चढाई. मी मस्त बोनस मारला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, माइकवर नाव घेतलं, सातने पुढे. मी कमरेवर हात ठेवून हसत हसत कोपऱ्यात येऊन उभा राहिलो. आम्हाला शिकवायला अण्णा होते, गावातलेच, ते लाइनवरून एकच वाक्य ओरडत असायचे, "गडी मोज रे!" त्या दिवशी पण ओरडले, मी ऐकलं पण मोजलं नाही. लगेच पुढच्या चढाईत त्यांच्या पोराने आमचे दोघं एकदम नेले, लीड पाच. आत मी एकटा. एकट्याने चढाई करायला गेलो, सात जणांनी धरला, त्यांना पकडीचा एक आणि लोणाचे दोन, लीड राहिली दोन. दोन मिनिटांपूर्वी ज्या मॅचमध्ये मी हिरो होतो ती मॅच आम्ही चार पॉइंटने हरलो. अण्णा नंतर रागावले नाहीत. बोनस मारला ते चुकलं नाही म्हणाले, मिळत असेल तर घ्यावा, पण घेतल्यावर तुला वाटलं काम झालं, आणि बाहेरचे चार जण तर जिथे होते तिथेच बसलेले.

ऑफिसात हे बोनस रोज दिसतात. मोठ्या साहेबांसमोरचं एक भारी प्रेझेंटेशन, महिनाअखेरीला एका हुशार पोराने रात्रभर जागून क्लोज केलेली डील, आकडा हिरवा. घ्यावा, नक्की घ्यावा. पण त्या आकड्याने टीममधला कोणता बसलेला माणूस उठला का, हे कोणी विचारत नाही, कारण त्याचा रकाना एक्सेलमध्ये नसतो.

इथे थोडं जुन्यात जातो, मला फार आवडतं हे. कबड्डी आज दिसते तशी आधीपासून नव्हती, महाराष्ट्रात आणि इतर भागांत ती वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली जायची आणि त्यातल्या तीन तऱ्हांना नावं होती, संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक उठतो, आजचा नियम मुख्यतः तिथूनच आलाय. गामिनीत बाद झालेला बाहेरच, सगळे सात जाईपर्यंत. आणि अमरमध्ये कोणी बाहेरच जात नाही, शिवला गेला तरी आतच खेळत राहतो, फक्त समोरच्यांच्या नावावर पॉइंट लिहिला जातो. आता जरा आपापल्या कंपन्या डोळ्यासमोर आणा. गामिनी कंपनी ओळखायला सोपी, एकदा चुकलास की तुझं नाव पुढच्या प्रत्येक मीटिंगमधून गायब. अमर कंपनी अजून मजेशीर, तिथे कोणालाच काही होत नाही, सगळे गोड बोलतात, फक्त कोण कधी चुकलं ते कुठेतरी लिहून ठेवतात आणि प्रमोशनच्या वेळी बरोबर काढतात. संजीवनी चालवायला सगळ्यात कठीण, कारण तिथे चूक झाल्यावर माणसाला बाहेर काढायचंही असतं आणि त्याला परत आत आणायची जबाबदारी बाकीच्यांवर असते, त्याच्या एकट्यावर नसते. बाहेर बसलेला स्वतःहून उठू शकत नाही ना, आतल्यांनी कोणालातरी मारलं तरच तो उठतो.

बरं, नियम झाले, आता निर्णयांबद्दल, कारण ट्रेनिंगमध्ये डिसिजन मेकिंगवर फार वेळ घालवतात आणि बाहेर पडल्यावर काही आठवत नाही. कबड्डीत रिकामी चढाई चालते. जायचं, निदानरेषा, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यातली पहिली आडवी रेषा ओलांडायची, काही न करता परत यायचं. लीड असेल तर वेळ खायला हे उत्तम. पण प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू-ऑर-डाय, पॉइंट आणला नाही तर तुम्ही बाद. आणि ही तिसरी आहे हे समोरच्या सातही जणांना माहीत असतं. ते पुढे येत नाहीत, दबा धरून बसतात, त्यांना घाई नाहीये, घाई तुम्हाला आहे.

आमच्याकडे एका जुन्या कस्टमरचं पेमेंट अडकलं होतं, मी दोनदा विषय टाळला, एकदा म्हटलं दिवाळी होऊ दे, एकदा म्हटलं त्यांचा नवीन मॅनेजर बसू दे, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते मला बघूनच समजून गेले की ह्याला वरून दट्ट्या बसलाय. मग काय, वीस टक्के डिस्काउंट मागितला आणि मी देऊन आलो. टाळणं चुकीचं नसतं, पण दोनदा टाळलं की तिसरा डाव समोरच्याच्या सोयीने होतो.

आणि ती तिसरी चढाई करायला पाठवायचं कोणाला? बघा, बऱ्याच टीम्स मेन रेडरला पाठवतच नाहीत. तो बाद झाला तर तोटा मोठा, म्हणून दुसरा किंवा तिसरा रेडर जातो. ऐकायला हे बळीचा बकरा टाइप वाटतं आणि ऑफिसात आपण खरंच तसं करतो, वाट लागलेला प्रोजेक्ट नवीन पोराच्या गळ्यात. पण चांगल्या टीममध्ये त्या पोराची तीच स्पेशालिटी बनवलेली असते, आठवडाभर त्याला तेच खेळवतात, सात जण दबा धरून बसलेत आणि तीस सेकंद आहेत, कर आता. फरक त्या प्रॅक्टिसचा आहे. प्रॅक्टिस न देता पाठवला तर बकराच.

पकडीचं तर विचारूच नका. डिफेन्समध्ये दोन-दोन जण हात धरून साखळी करतात, कोपऱ्यात कोपरारक्षक, आत मध्यरक्षक, आणि चढाईवाला ह्या सगळ्यांना आधी उचकवतो. पाय दाखवेल, पाठ दाखवेल, हसेल. त्याला हवं असतं की एकाने तरी वेळेच्या आधी उडी मारावी. एकाने मारली की साखळी तुटली. आता पुढचं ऐका, मैदानावरची ही शिकवण मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही. एकाने चुकीची उडी मारली तर बाकीच्यांनी काय करायचं? अण्णांचं उत्तर होतं, जायचं. सगळ्यांनी, पूर्ण ताकदीने, त्याच सेकंदाला. उडी चुकली की बरोबर ह्याची चर्चा नंतर. अर्धवट गेलात, म्हणजे एक पाय पुढे एक पाय मागे, तर तो तुम्हालाही शिवून जाईल आणि एकाऐवजी तिघं बाहेर. गेलात तर कधी कधी चुकीची उडीसुद्धा पकड होऊन जाते. मी टीममध्ये हे असं लावतो की साइटवर कस्टमरसमोर आपल्या पोराने काही कमिट केलं, समजा चोवीस तासांत पार्ट आणून देतो म्हणाला आणि ते चुकीचं होतं, तरी तिथे त्याला तोंडावर पाडायचं नाही, स्टोअरला फोन करायचा, गाडी पाठवायची, पार्ट पोचवायचा. शाळा घ्यायची ती ऑफिसात आल्यावर, आणि घ्यायची मात्र नक्की, नाहीतर तो दर वेळी उडी मारेल.

आता मोठ्या मॅटवरची उदाहरणं. २०१६ चा वर्ल्ड कप अहमदाबादला झाला, कॅप्टन अनुप कुमार, आणि पहिल्याच मॅचमध्ये भारत कोरियाकडून ३४-३२ असा हरला, घरच्या मैदानावर, उद्घाटनाला. पुढे फायनलला इराण, हाफ टाइमला इराण १८-१३ ने पुढे. शेवटी भारत ३८-२९ ने जिंकला, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये आपले २५ आणि त्यांचे ११. त्या फायनलमध्ये गाजला अजय ठाकूर, १२ पॉइंट त्याचे. अनुप स्वतः भारी रेडर, बोनसचा तर उस्ताद, यू मुंबाला त्याने २०१५ मध्ये प्रो कबड्डी जिंकून दिली होती. तरी त्या दिवशी सगळ्या चढाया आपणच करायच्या असं त्याने केलं नाही. हे लिहायला सोपंय. स्वतः एकेकाळी टॉपचा इंजिनिअर असलेल्या मॅनेजरला विचारा, समोर मशीन बंद पडलंय आणि ज्युनिअर चाचपडतोय तेव्हा पाना हातात न घेणं किती अवघड असतं. मला आजही जमत नाही सारखं.

दुसरं उदाहरण २०२२ चं. प्रो कबड्डीतल्या तमिळ थलायवाज टीमने रेडर पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं, तेव्हाचा लीगमधला सगळ्यात महागडा खेळाडू, आणि पहिल्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला, सीझन संपला. आता ही टीम गेली बाराच्या भावात असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. पण त्याच सीझनला थलायवाज पहिल्यांदा सेमीफायनलला पोचले. नरेंदर नावाचा नवा पोरगा रेडिंगला उभा राहिला, मध्येच आलेल्या कोच अशान कुमारांनी घडी बसवली. ह्यावरून स्टार घेऊ नये असा निष्कर्ष काढू नका, पवन असता तर कदाचित ते फायनलही खेळले असते, कोणाला माहीत. मला त्यातलं एवढंच भावतं की जो माणूस पवनच्या सावलीत बेंचवर बसला असता त्याला चढाया मिळाल्या म्हणून तो कळला. आपल्या टीममध्ये असा कोण आहे हे कळायला आपण कोणाचा गुडघा जायची वाट का बघतो?

आणि पुणेरी पलटणचा उल्लेख केला नाही तर पुण्यात राहू देणार नाहीत. प्रो कबड्डीचा दहावा सीझन, १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद. कॅप्टन अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला. त्या वर्षीच्या टॉप रेडरच्या यादीत वरची नावं दुसऱ्याच टीम्सची होती, पलटणच्या चढाया अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशा वाटल्या गेल्या होत्या, म्हणजे एकाला धरला तरी दुसरा जाऊन त्याला उठवून आणतोय. आणि मोठा पैसा कुठे लावला होता बघा, इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २.३५ कोटी, आणि तो मुळात पकडीचा माणूस. आपल्याकडे सगळा इन्सेंटिव्ह सेल्सला आणि सर्व्हिसवाल्यांना दिवाळीला मिठाईचा बॉक्स. असो, हा माझा जुना राग आहे.

एका बाईंबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये आपल्या मुली फायनलला इराणकडून २७-२४ ने हरल्या, आणि इराणच्या मुलींच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या मॅचला नक्की कोणाच्या बाजूने व्हायचं हेच कळत नव्हतं. परक्या देशात गेल्या, त्या मुलींशी बोलायला फारसी शिकल्या, योगा आणि प्राणायाम त्यांच्या सरावात आणला. मला त्यातलं भाषेचं सगळ्यात मोठं वाटतं. मॅटवर तीस सेकंदांत जे ओरडायचं ते दुभाष्यामार्फत कसं ओरडणार? आमच्याकडे नवीन मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात टीमला त्याची भाषा शिकवतो, केपीआय, बँडविड्थ, ओनरशिप वगैरे. स्टोअरचे लोक पार्टला काय म्हणतात, ड्रायव्हर लोक कुठल्या साइटला काय नाव ठेवतात, हे शिकायला कोणी बसत नाही, आणि ते आलं तर अर्धी कामं फोनवर होतात.

आता तुम्ही म्हणाल, सांगतोय मोठं, स्वतः काय केलं. तर ऐका. माझ्या टीममध्ये योगायोगाने सातच सर्व्हिस इंजिनिअर होते. त्यातल्या एकाने रांजणगावच्या एका साइटवर ऑइल सील उलटा बसवला, तेल सगळं फ्लोअरवर, कस्टमर मला फोनवर वाट्टेल ते बोलला. मी त्या पोराला म्हटलं थोडे दिवस ऑफिसला बस, रिपोर्ट बघ. थोडे दिवस म्हणजे चार महिने झाले. दुसऱ्याचं पण असंच काहीतरी झालं, तोही टेबलवर. सगळे अवघड कॉल मी आमच्या एका हुकमी पोराला देत होतो आणि आकडे एवढे छान होते की मार्चच्या रिव्ह्यूला माझं कौतुक झालं. बोनस मारून कमरेवर हात. एप्रिलमध्ये हुकमी पोराने राजीनामा दिला, त्याच्या मागे अजून एक गेला, आणि एका सकाळी चाकणवरून दोन ब्रेकडाउन एकदम आले तेव्हा मी खरंच बोटांवर मोजलं, साइटवर पाठवण्यासारखे किती. तीन.

त्या दिवशी अण्णांची फार आठवण झाली. मग मी मैदानाचाच नियम लावला, जो आधी बाहेर बसलाय तो आधी आत. कोण जास्त हुशार, कोण जास्त आवडता हे बघायचं नाही. म्हणजे नंबर सील उलटा बसवलेल्याचाच लागला. त्याला मुद्दाम त्याच रांजणगावच्या कस्टमरकडे पाठवला, साधं फिल्टर बदलायचं काम होतं, सोबत एक सिनिअर दिला पण सिनिअरला सांगितलं की पाना तू धरायचा नाहीस. कस्टमरला मी आधी फोन करून सगळं सांगून ठेवलं, तो म्हणाला तुमची जबाबदारी, म्हटलं हो माझी.

संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. मागे कॉम्प्रेसर चालू होता, त्या आवाजात तो काय बोलतोय त्यातलं निम्मं ऐकूच येईना. एवढं कळलं की फिल्टर झालाय, गळती नाहीये, आणि कस्टमरने चहा मागवलाय तर पिऊन निघतो.